हाली आणि कलदार

आमची दादी नळदुर्गची. तिच्या लहानपणी आमचा मुलूख निजामाचा होता आणि शेजारचं सोलापूर इंग्रजांचं. सोलापूरच्या बाजाराला जायचं तर हाली रुपये देऊन कलदार घ्यावे लागत. सात हालींचे सहा कलदार. "अपना पैसा वां चलता नै," असं ती सांगायची तेव्हा आम्हाला हसू यायचं.

ते हसू २०२२ साली दुबईच्या एका हॉटेलात जिरलं. भाच्याच्या लग्नाला आम्ही नवराबायको गेलो होतो. खोलीचं भाडं उस्मानाबादहूनच (तेव्हा नाव तेच होतं) भरलेलं. रात्री एक वाजता काउंटरवरच्या मल्याळी पोराने पासपोर्ट घेतले आणि क्रेडिट कार्ड मागितलं. भाडं वेगळं, अनामत वेगळी, म्हणाला.

आमच्याजवळ होतं पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड. क्रेडिट कार्ड आम्ही घरात येऊच दिलं नाही. व्याजाचा व्यवहार नको, ही अब्बांची शिकवण. मुलगा म्हणतो, मुदतीत सगळे पैसे भरले तर व्याज लागतच नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे. पण 'चुकलो तर व्याज देईन' अशा कागदावर सही करायची, तिथे आमचा हात अडतो. काही आलिम याला मुभा देतात, काही देत नाहीत.

डेबिट कार्ड यंत्रात घातलं, तर नाकारलं. "खाते में पैसे हैं ना? फिर नै कैकू बोलता?" बेगमने विचारलं. त्या पोरासमोर आमची मान खाली गेली. पेन्शन खात्यात असून आम्ही फुकटे ठरलो होतो. मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड देशातल्या वापरापुरतंच चालू करून मिळतं, परदेशासाठी ते आपणच सुरू करायचं असतं, हे आम्हाला कुठे ठाऊक? घरी तेव्हा रात्रीचे अडीच. मुलाला उठवलं. आमचं सिम घरच्या फोनमध्येच राहिलेलं, हे एक नशीब. ओटीपी तिथे आला, कार्ड सुरू झालं.

मग यंत्राने विचारलं, दिरहम की रुपये? परमुलखात आपला रुपया दिसला म्हणून आम्ही आनंदाने तेच बटण दाबलं. तिथेच फसलो. दिरहम निवडले असते तर आपल्या बँकेने तिचा दर आणि आकार लावला असता. रुपये निवडले की समोरच्याचा दर, आणि तो बहुधा महागच पडतो. अनामत सहाशे दिरहमची. क्रेडिट कार्डावर नुसती मर्यादा अडते, आमच्या खात्यातले खरेखुरे पैसे अडले. लग्नात द्यायच्या आहेराला त्यामुळे कात्री लागली. ते बेगम अजून विसरलेली नाही.

गाडी भाड्याने घेऊन रास अल खैमाला जायचं ठरलेलं. त्यासाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता. तिथेही तेच. क्रेडिट कार्ड हवं, आणि तेही गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं. दंड आणि सालिक टोल मागाहून कळतात, म्हणून गाडी परत केल्यावरही अनामत काही आठवडे राहते. भाच्याचं कार्ड चाललं नाही. शिवाय आमच्या पासपोर्टावर 'शेख'चं स्पेलिंग एक आणि बँकेत दुसरं! बसने गेलो.

अनामत एकोणिसाव्या दिवशी जमा झाली, शेदोनशे रुपये कमी.

मुलाने क्रेडिट कार्डाचा फॉर्म आणून ठेवलाय. सगळा भरलेला आहे, सही तेवढी राहिली आहे. डिसेंबरात भाचीचं लग्न आहे, मस्कतला.