रांगेत अडकलेला निरोप

सीवूड्सच्या टॉवर्सना खेटून असलेल्या करावे गावातल्या खोलीवरून मी दोस्तांसाठी मास्टोडॉन सर्व्हर चालवतो. जाहिराती नाहीत, कटकट नाही. डॉकरमध्ये सगळं झक्कास चाललेलं. एका शुक्रवारी मात्र एकदम सामसूम. साइट उघडत होती, पण बाहेरचं काही येईना. म्हटलं, मंडळी लोणावळ्याला गेली असतील!

सोमवारी रात्री पाहतो तर काय, साइडकिकचा कंटेनर सुरू होता होताच मरत होता. एक्झिट कोड १३७. म्हणजे १२८ अधिक ९, सरळ 'किल'. कर्नलच्या लॉगमध्ये कारणही होतं: मेमरी संपली. रॅम २ जीबी आणि मी हौसेने २५ थ्रेड्स ठेवलेले! ते ५ वर आणले, थोडं स्वॅप दिलं. गडी जगला.

रेडिसमध्ये तुंबलेले निरोप धडाधड उतरले. त्यात पुण्याच्या मित्राचा, शुक्रवारचा: 'बाबा गेले रे.'

लगेच फोन लावला. "वाटलं, बिझी असशील," तो म्हणाला. सर्व्हर पडला होता, हे सांगायला जीभच उचलेना.

आता साइडकिक पडला की मोबाइल वाजतो. आणि दर शुक्रवारी मी त्याला साधा फोन करतो.