गुरुजींचा पहिला धडा

जपानच्या 'जेट' योजनेतून १९८७ पासून परदेशी तरुण-तरुणी तिथल्या शाळांत इंग्रजी शिकवायला जातात. पण पहिला धडा त्यांनाच मिळतो, तोही दारात! बाहेरचे बूट कप्प्यात ठेवायचे, आतले वेगळे घालायचे. दुपारी पांढऱ्या टोप्या घातलेली मुलंच वर्गात जेवण वाढतात. 'इतादाकिमासु' म्हटल्याशिवाय घास नाही! मग सगळे मिळून फरशी पुसतात. गुरुजींच्या हातीही फडकं येतं. घर दूर, पाट्यांवरची अक्षरं अनोळखी, बोलायला कुणी नाही. तेवढ्यात शेजारचा चिमुरडा फडक्याकडे बोट दाखवून शिकवतो, "झोऽकिन!" गुरुजी घोकतात, "झोऽकिन." दोघंही हसतात. झाली की ओळख! तुमच्या वर्गात केर कोण काढतं हो?