काचीगुड्याची पत्रं

काचीगुडा, हैदराबाद
१८ डिसेंबर

ती. आईस, सा. न.

आधी तुझ्या बहिणीचं सांगते, नाहीतर पुढचं वाचणार नाहीस. गुडघा छान आहे. टाके निघाले. वॉकर धरून माजघरातून स्वयंपाकघरापर्यंत येते आणि तिथे उभी राहून माझ्या फोडणीत चुका काढते. काकांना थोडा खोकला आहे, बाकी माणसं ठीक.

घर मात्र गारठलंय. तू इथे आलीस ती नेहमी मे महिन्यात, म्हणून मावशीच्या घराच्या थंडाव्याचं तुला कौतुक. अगं, तेच तर दुखणं आहे. पंधरा फुटांवर छत, छताखाली झरोके, दोन हात रुंद चुन्याच्या भिंती, मध्ये उघडा चौक आणि पायाखाली सगळीकडे शहाबादी फरशी. काकांच्या आजोबांनी बांधताना उन्हाळा हा एकच वैरी डोळ्यांपुढे धरला होता. ऊन आत येऊ नये म्हणून त्यांनी जे जे केलं, ते आता ऊब आत टिकू देत नाही. झरोक्यांना तावदानंच नाहीत. मी जुन्या साड्यांचे बोळे कोंबायला शिडीवर चढले, तर काका खालून म्हणाले, "कबुतरं रागावतील."

येताना हुसेनसागर एक्सप्रेसमध्येच चाहूल लागली होती. सोलापूरला पहाटे चहावाल्याच्या डोक्याला मफलर, वाडीला सगळ्या फलाटाच्या डोक्याला मफलर. तांडूरच्या आसपास रुळांशेजारी फरशीच्या थप्प्या दिसतात, त्या बघूनच पायांना गारवा जाणवला. आणि दुपारी हैदराबादला उतरले तर चांगलं कडक ऊन! रिक्षात घाम आला. मावशीला म्हटलं, कुठे आहे तुझी थंडी? ती म्हणाली, "दिवा लावायच्या वेळेपर्यंत थांब."

इथलं असंच आहे. आपल्या रत्नागिरीला समुद्र दिवसाची ऊब रात्री पुरवून पुरवून देतो. हे शहर समुद्रापासून लांब, पाचशे मीटरहून उंच. हवा कोरडी, आभाळात ढगाचा तुकडा नाही. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन आणि इथले ते काळे-करडे खडक रात्री सगळी उष्णता आभाळाला देऊन मोकळे होतात. त्यात उत्तरेकडून, आदिलाबादवरून वारा सुटला की मग विचारूच नकोस. शहराच्या मध्यात सिमेंट थोडी धग धरून ठेवतं, पण पश्चिमेला गच्चीबावलीकडे, विद्यापीठाच्या मोकळ्या रानात, पारा एक आकडी झाल्याचं रोज पेपरात येतं. हवामान खात्याच्या हिशेबात मैदानी मुलखात किमान तापमान दहा अंशांवर किंवा खाली आलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी उतरलेलं असलं, की शीतलहर. काकांना हा हिशेब मान्य नाही. त्यांची थंडी एकच, ८ जानेवारी १९४६ ची. बेगमपेठेच्या वेधशाळेत तेव्हा ६.१ अंश नोंदले गेले आणि तो विक्रम अजून उभा आहे. काका पाच वर्षांचे होते. त्यांना त्या दिवसातलं नक्की काय आठवतं आणि वडिलांकडून ऐकलेलं किती, ते मी विचारत नाही. दर संध्याकाळी त्या थंडीत एका पांघरुणाची भर पडते.

एक बातमी राहिली. गीझर बंद पडलाय आणि दुरुस्तीवाला फोन उचलत नाही. तेव्हा माळ्यावरून तांब्याचा बंब खाली काढलाय.

तुझी
माई

काचीगुडा
२७ डिसेंबर

ती. आईस, सा. न.

बंबाची बातमी वाचून तू हसलीस म्हणे. हस. पहिल्या दिवशी मी खोकी आणि फळांच्या पेटीच्या फळ्या जाळल्या. चौकभर धूर, पाणी कोमट. इथे सोडणं कुठली? देवळाबाहेर नारळ मिळतो तोही सोललेला. मावशीने खाटेवरूनच हुकूम सोडला, नळी साफ कर. खरंच होतं. मधल्या नळीत वर्षानुवर्षांची काजळी आणि चिमण्यांचं घरटं. ते निघाल्यावर ओढ लागली आणि जाळ नळीतून सरळ वर उठला. बंबाचं तोंड अरुंद, त्याला ओंडका चालत नाही. अंगठ्याएवढ्या काटक्या, मग मनगटाएवढी चिरफळी, आणि खालच्या जाळीतली राख रोज काढायची. वाऱ्याला खालून वाट नसेल तर वरून कितीही फुंका.

म्हणून लाकडं आणायला गेले. शहरात गल्लोगल्ली गॅस, तरी लाकडाचे अड्डे उरलेत. कोणासाठी, ते तिथे गेल्यावर कळलं. अड्डेवाल्याने मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "दावत है, अम्मा?" मी नाही म्हटल्याबरोबर त्याने चेहरा गंभीर केला आणि आवाज उतरवला. लग्नातल्या बिर्याणीच्या देगा आणि स्मशान, ही त्याची दोन गिऱ्हाइकं. तिसरं रमजानच्या हलीमचं. त्यासाठी विटामातीच्या भट्ट्या बांधतात, आणि खाली मंद लाकूड नि वर लांब दांड्यांनी घोटणं असं दहा-बारा तास चालतं. हैदराबादी हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. कुणी अंघोळीच्या पाण्यासाठी लाकूड मागतं, यावर त्याचा विश्वास बसेना. बसला, तेव्हा मात्र शिकवायला लागला.

चिंच त्याच्याकडे महाग. कोळसा घट्ट पडतो म्हणून आचारी पळवतात. नीलगिरी भरभर जळून जाते. आंबा नको म्हणाला, धूर फार. बाभूळ उत्तम, जड, निखारा धरणारी. आणि माझ्यासाठी त्याने निवडली ती वेडी बाभूळ. तीच ती, आपल्याकडे लोक जिच्या नावाने बोटं मोडतात. इकडे तळ्यांच्या काठांना, पडीक रानांना तिने वेढा घातलाय. एकोणिसाव्या शतकात परदेशातून आणून लावली ती सरपणासाठीच, मग आवरेना. काटे भयंकर, पण जराशी ओली असली तरी पेटते. बाकीच्या लाकडांचं तसं नाही. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, आणि ते पाणी उडवण्यातच जाळ खर्ची पडतो. अड्डेवाला दोन तुकडे एकमेकांवर ठोकून दाखवायचा. वाळलेलं खणकन वाजतं, ओलं दबकं. तू मे महिन्यात पडवीत फाटी रचताना हेच करतेस. मी कधी लक्ष दिलं नव्हतं इतकंच.

एका गोष्टीवरून मावशीशी वाद झाला. तिला रात्री निखाऱ्यांची शेगडी खोलीत हवी होती, दारं लावून. मी ठाम नाही म्हटलं. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, झोपेतल्या माणसाला कळतही नाही. दर हिवाळ्यात देशात कुठे ना कुठे अशी बातमी असते. ती रुसली. शेवटी शेगडी चौकात ठेवली आणि तिची खुर्चीही चौकात नेली. उघड्यावर, आभाळाखाली, शाल पांघरून बसली आणि म्हणाली, आत होते त्यापेक्षा इथे बरं आहे.

तेव्हापासून मला वाटायला लागलंय, की या गावाला उबेसाठी घरच नाही. ऊब रस्त्यावर आहे. रात्री गल्लीच्या तोंडाशी पहारेकरी, रिक्षावाले, एटीएमसमोरचा गुरखा, सगळे एका जाळाभोवती. (त्यात टायरही टाकतात. त्या वासाने काकांचा खोकला वाढतो. थंड हवा पहाटे खाली बसते आणि धूर उठतच नाही. मी दोनदा जाऊन बोलले. एकदा ऐकलं.) काका तर उबेसाठी मला पहाटे नामपल्लीला घेऊन गेले, नहारी खायला. म्हणजे रात्रभर शिजलेले पाये आणि जीभ, फजरच्या नमाजानंतर उकळत्या देगेतून वाढलेली, सोबत चार कोनी नान. पुरानी हवेलीजवळ मुन्शी नानची जी भट्टी आहे ती १८५१ पासूनची. तशी नान पहाटेच्या गारठ्यात हातात घेतली की खाण्याआधी गालाला लावावीशी वाटते. काकांनी नुसता रस्सा घेतला, "औषध म्हणून". हे मावशीला कळवायचं नाही. तुलाही सांगितलं नाही असं समज.

माई

काचीगुडा
५ जानेवारी

ती. आईस, सा. न.

काल नुमाइशला गेले. १९३८ पासून भरतं हे प्रदर्शन. पूर्वी बागेआममध्ये, आता नामपल्लीच्या मैदानात, १ जानेवारीपासून दीड महिना. तुझ्यासाठी शाल घेतली, रंग सांगत नाही.

शाल विकणारा श्रीनगरचा. वडिलांच्या वेळेपासून दर हिवाळा इथे काढतो. हैदराबादकर कानटोप्या घालून घासाघीस करत होते आणि हा साध्या सदऱ्यात बाह्या सारून उभा. मी म्हटलं, तुमच्याकडे आत्ता काय असेल? म्हणाला, चिल्ले कलान. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस, सगळ्यात कडक. मग वीस दिवसांचा धाकटा, मग दहा दिवसांचं बाळ. थंडीची अशी उतरती भावंडं! मला बंबाचं सांगायची खुमखुमी होतीच. सांगितलं. तो हसला नाही. शाल खाली ठेवून त्याने मला घरच्या हमामाचं सगळं समजावलं.

काश्मिरात जुन्या घरांतून एक खोली अशी असते की तिची फरशी दगडी, आणि फरशीखाली पोकळी. बाहेरच्या बाजूने भट्टीच्या तोंडात लाकडं घालतात. जाळ आणि धूर फरशीखालून फिरून धुराड्यातून बाहेर जातात. भट्टीवर भिंतीत चिणलेलं तांब्याचं भांडं, त्याला तोटी. म्हणजे अंघोळीचं पाणी आणि खोलीची ऊब एकाच सरपणात. खोलीत धूर नाही, निखारा नाही. सगळं घर त्या फरशीवर जेवतं, आलेगेले तिथेच बसतात, म्हातारी माणसं तिथेच झोपतात. मी खाली मैदानाच्या मातीकडे बघत राहिले आणि मावशीच्या शहाबादीचा विचार करत होते. दगड तोच, आपण त्याच्याखाली विस्तव घालायचं कधी मनात आणलं नाही. आणायची गरजही नव्हती म्हणा. इथल्या तीन-चार आठवड्यांच्या थंडीसाठी फरशी कोण उखडणार?

त्याने एका हिवाळ्याचं सांगितलं. २०२१ साली कोरोनामुळे नुमाइश भरलीच नाही, म्हणून तो घरी होता. कित्येक वर्षांनी पुरा हिवाळा त्याने श्रीनगरात काढला, आणि नेमका तोच तसा निघाला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बर्फ, जम्मूचा रस्ता बंद. मग आभाळ स्वच्छ झालं आणि तेच वाईट, म्हणाला. ढग म्हणजे रजई. (कारण आपल्या इथलंच, फक्त त्यांच्याकडे खाली बर्फ.) दल सरोवर गोठलं, लोक त्यावर चालले. महिनाअखेरीस पारा शून्याखाली ८.८ पर्यंत गेला. नळ फुटले. सरपण शरद ऋतूतच भरून ठेवलेलं असतं, पण वळचणीखालचा ढीग बर्फाने एकसंध झाला. कुऱ्हाडीने आधी बर्फ फोडायचा, मग लाकूड. आणि ते लाकूड आत आणून भट्टीच्या तोंडाशी वाळवायचं, उद्यासाठी. एरवी जे दोन महिने पुरतं ते पाच आठवड्यांत संपलं. मग शेजारच्या दोन घरांनी मिळून एकच हमाम पेटता ठेवला, आळीपाळीने लाकूड घातलं. उरलेल्या वेळी फेरनच्या आत कांगडी, तिच्यात चिनाराच्या पानांचा कोळसा. त्याच्या आईने तेव्हा त्याला विचारलं, तू दरवर्षी हैदराबादला जातोस तो माल विकायला की थंडी चुकवायला? हे सांगताना मात्र तो हसला.

घरी येऊन हे सगळं काकांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, "बेगमपेठेला बर्फ नव्हता पडला. पण पडायच्या बेतात होता."

माई

काचीगुडा
भोगी

ती. आईस, सा. न.

पहाटे चारला ढोल वाजले. इथे भोगीला गल्लीत होळी पेटते. तेलुगू घरांतली पोरं शेणाच्या छोट्या गोवऱ्यांच्या माळा करून आणतात आणि जाळात टाकतात, मोठी माणसं घरातलं मोडकं लाकूड आणतात. खुर्चीचा पाय, खाटेचा गात, खिडकीची चौकट. आपली भोगी चुलीवर. तिळाची बाजरीची भाकरी, लोणी, आणि पावटा-हरभरा-गाजर-बोरांची ती मिसळीची भाजी. मावशीने आज दोन्ही केलं. भाकऱ्या मी थापल्या, तिने तीळ पेरले, आणि तिसरीला म्हणाली की आता जमतंय. संध्याकाळी शेजारच्या नातवाच्या डोक्यावरून बोरं, रेवड्या आणि पैसे ओतले. त्यांचं भोगी पळ्ळु, आपलं बोरन्हाण. मावशी चाळीस वर्षं दोन्हीकडे पाटावर बसलेल्या पोरांना ओवाळतेय.

पहाटेच्या जाळावर एक प्रकरण झालं. काकांच्या वडिलांची आरामखुर्ची, वेत तुटलेली, बरीच वर्षं अडगळीत होती. शेजारच्या पोरांनी ती मागितली. मावशी "द्या" म्हणाली. काका काही बोलले नाहीत, पण खुर्चीत जाऊन बसले. वेत नाही, म्हणजे नुसत्या आडव्या दांड्यावर बसले. पोरं थांबली, ढोल थांबला. शेवटी मी आमच्या वेड्या बाभळीतले चार जाडे ओंडके दिले. बंबाला तसेही चालत नव्हते. असा निखारा पडला की त्या भोवती सातपर्यंत माणसं हलली नाहीत. पहारेकरी होते, दूधवाला होता, समोरच्या बंगल्यातल्या, एरवी मान वर न करणाऱ्या बाईंनी माझा हात धरून शेकवला. काका खुर्चीसकट बाहेर आले आणि १९४६ ची गोष्ट एकदा तेलुगूत, एकदा उर्दूत झाली. उर्दूतली थंडी जास्त होती.

आजपासून गारठा उतरणार असं सगळे म्हणतात. वारा फिरलाय खरा, कालपासून पूर्वेचा आहे, पहाटेला थोडा दमटपणा येतो. गीझरवालाही उगवला, अर्ध्या तासात दुरुस्त करून गेला. बंब चिंचेने घासून माळ्यावर चढवला, नळीत कापडाचा बोळा घालून, चिमण्यांसाठी नव्हे, चिमण्यांविरुद्ध.

मावशीला डॉक्टरांनी काठीवर चालायची परवानगी दिलीय. माझं तिकीट अजून काढलेलं नाही, कारण लाकडांचा हिशेब राहिलाय. पाऊण क्विंटल उरलंय. अड्डेवाला अर्ध्या भावाने परत घेतो म्हणतो, मावशी पाऊण भावावर अडून बसली आहे आणि फोन स्पीकरवर ठेवून त्याच्या मुलाच्या लग्नाची चौकशी करतेय. लग्न फेब्रुवारीत आहे. दावतीला लाकूड लागेलच, असं तिचं म्हणणं. सौदा मिटला की कळवते.

माई