लांब बघ

माझं आजोळ उदगीरचं. भालकीहून उदगीरला जाताना मला मोटार लागायची. डिझेलचा वास, तापलेल्या रेक्झिनचा वास, कुणाच्या तरी टोपलीतल्या मेथीचा वास, आणि खिडकीच्या दांडीवर आपटणारं आपलंच कपाळ. वळण आलं की पोटातून एक गार सुरवंट वर चढू लागायचा, तोंडाला पाणी सुटायचं, कानामागे घाम यायचा, आणि मग जगात दुसरं काही उरायचंच नाही. माय तेव्हा पदराची गाठ सोडून लिंबू काढायची, नखानं त्याची साल ओरबाडून माझ्या नाकाशी धरायची आणि माझी हनुवटी उचलून खिडकीबाहेर वळवायची. रस्त्याकडेच्या बाभळी सपासप मागे पळत असायच्या, त्यांच्यामागची ज्वारी जरा सावकाश सरकायची, करडईचे पिवळे तुकडे आणखी सावकाश. आणि फार लांब, जिथं काळं रान संपून आभाळ सुरू होतं, तिथली रेघ मात्र जागची हलत नव्हती.

"जवळचं बघू नको, पोरी. लांब बघ."

मराठीत 'लागणं' किती अंगांनी येतं. भूक लागते, डोळा लागतो, ऊन लागतं, ओढ लागते, लळा लागतो. तशीच मोटार लागते, बोट लागते. यांतलं काहीच आपण करत नाही, ते आपणहून येऊन आपल्याला भिडतं. 'बोट लागली' याला तर दोन अर्थ आहेत. एकदा ती किनाऱ्याला लागते, एकदा माणसाला. भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं कोकणात जाणाऱ्या माणसांनी एकाच रात्रीत दोन्ही अर्थ अनुभवले असतील. आम्हां पठारावरच्यांना ते नुसते ऐकून ठाऊक. बिदर समुद्रापासून दोन हजार फुटांहून उंच, आणि आमचं मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यातली मांजरा, नाहीतर कारंजाच्या धरणाचा निळा पत्रा, ज्याचा पल्याडचा काठ आम्हाला नेहमी दिसत आलेला.

सत्त्याहत्तराव्या वर्षी माय म्हणाली, "एकदा समुद्र बघायचा हाय मला. काठावरून नाही. मधी जाऊन."

माझ्या लेकानं मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजाची तिकिटं काढायला घेतली. वरच्या मजल्यावरची, गॅलरीची खोली घेऊ का, असं तो विचारत होता. माय शेजारीच सुपात तूर घेऊन बसली होती. जहाज तिनं चित्रातच पाहिलेलं, पण हात न थांबवता म्हणाली, "गाडीत कुठं बसतात रे? आसावर. साट्याच्या टोकाला बसलं की हिसके बसतात. मधली घे, आन् खालची घे." पुढं कळलं की जाणती माणसं हेच सांगतात. जहाज नाळीपासून मागच्या टोकापर्यंत तराजूच्या दांडीसारखं खालीवर होतं, टोकं उसळतात आणि मध्य जवळजवळ स्वस्थ असतो. आणि जितकं वर चढावं तितका झोका मोठा.

भीती माझ्या पोटाची होती. मायचं तसं काही नव्हतं. हा त्रास शाळकरी वयात जोर धरतो आणि म्हातारपणी ओसरत जातो. भालकीच्या डॉक्टरांनी मला गोळी लिहून दिली. जहाज सुटायच्या तासभर आधी घ्यायची, म्हणाले. पोट एकदा ढवळायला लागलं की तेच गोळीला वाट देत नाही. तिनं गुंगी येते, जीभ कोरडी पडते. मायच्या डोळ्यांत काचबिंदू, म्हणून तिला दिली नाही. तिच्यासाठी अद्रक. आमच्या बिदर भागात ती पिकते. ओल्या लाल मातीसकट घरी आलेली गड्डी धुतली की पहिल्या पावसाचा आणि तिखटाचा मिळून एक वास सुटतो. मायनं तिच्या चकत्या मीठ-लिंबात मुरवल्या, उन्हात सुकवल्या, डबी भरली. दुसऱ्या डबीत ज्वारीच्या लाह्या. रिकामं पोटही नको आणि तुडुंब भरलेलंही नको, हे तिचं गणित मोटारीच्या दिवसांपासूनचं.

आत नेमकं काय होतं ते डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर काढून दाखवलं. कानाच्या आत, हाडात कोरलेल्या तीन अर्धगोल नळ्या, तिन्हींच्या दिशा तीन, आणि त्यांत पाणी. डोईवर भरली घागर घेऊन बाई गर्रकन वळली तर घागर वळते, आतलं पाणी क्षणभर मागे राहतं. तसंच मान वळली की हे पाणी मागे राहतं, आणि त्या मागे राहण्यावरून जिवाला कळतं की आपण वळलो. चित्र बघताना मला बिदरजवळचा नौबादचा कारेझ आठवला. बहमनी काळातला, इराणी तऱ्हेनं जमिनीच्या पोटातून नेलेला पाण्याचा बोगदा. वरून शेरडं चरतात, माणसं चालतात, कुणाला पत्ता नसतो की पायाखालून पाणी सरकतं आहे, मध्येच कुठं विहिरीसारखं तोंड उघडं दिसतं तेवढीच खूण. आपल्या प्रत्येकाच्या कानात असा एक कारेझ आहे. जन्मभर त्याच्या पाण्याची चाहूल लागत नाही.

जहाजावर लागते.

बॅलार्ड पिअरहून आम्ही संध्याकाळी सुटलो. सूर्य बुडताना पुष्कळदा पाहिला होता, शहर बुडताना कधी पाहिलं नव्हतं. इमारती आधी पायांतून गेल्या, मग कमरेतून, मग दिव्यांची एक झालर पाण्यावर राहिली आणि तीही विरत गेली. कुलाब्याच्या टोकाशी प्राँग्सचं दीपगृह होतं. ते मागे पडेपर्यंत पाणी बंदरातलं होतं, पाळलेलं. त्यानंतर खालून काहीतरी आलं. ती लाट नव्हती, लाट दिसते. हे एखादं झोपलेलं प्रचंड जनावर श्वास घेतं तसं होतं, सबंध जहाज हळूच उचललं गेलं, थोडं थांबलं, आणि खाली गेलं तेव्हा माझं पोट वरच राहिलं.

मायला निजवायला मी खोलीत गेले आणि तिला झोप लागल्यावर फोन उघडून वाचत बसले. एवढी एकच गोष्ट करायची नव्हती. खोलीच्या चार भिंती डोळ्यांना सांगत होत्या की सगळं स्थिर आहे, कानातलं पाणी सांगत होतं की आपण हेलकावतो आहोत. दोन साक्षीदार, दोन जबान्या, आणि शिक्षा पोटाला. पन्नास वर्षांपूर्वीचा तो गार सुरवंट आला. वाट विसरला नव्हता तो.

डोळे मिटून उताणी पडले, डोकं उशीत घट्ट रोवून; तसं केल्यानं उतार पडतो. अंधारात किनारा आमच्या डाव्या अंगाला होता आणि मनाशी मी त्यावरची बंदरं मोजू लागले. आधी चौल. पाच-साडेपाचशे वर्षांपूर्वी ट्वेर गावचा एक रशियन व्यापारी, अफनासी निकितिन, होर्मुझहून गलबतात बसून तिथं उतरला आणि जुन्नरवरून आमच्या बिदरला आला. बरोबर विकायला आणलेला घोडा होता. घोड्याला ओकता येत नाही. त्याच्या शरीराची ठेवणच तशी. सहा आठवडे तो मुका जीव पोटातलं वादळ पोटातच ठेवून त्या लाकडी पोकळीत उभा राहिला असेल, चार पायांवर तोल सावरत, एकाही झाडाचा वास नाकाशी नसताना. अंथरुणात पडल्या पडल्या मला त्याच्या मानेवरून हात फिरवावासा वाटला.

मग दाभोळ. १४५३च्या सुमारास गिलानचा महमूद गवान तिथं उतरला, आणि घाट चढून बिदरला येऊन आमचाच झाला. त्यानं १४७२ मध्ये बांधलेला मदरसा अजून उभा आहे, स्फोटात पुढची एक बाजू हरवलेला, एका मिनाराचा. त्या मिनारावर निळ्या फरशा उरल्या आहेत. शाळेच्या सहलीत त्यांना बोट लावून मी म्हणाले होते, हा रंग इथला नाही. तेव्हा समुद्र पाहिला नव्हता. तो निळा हेच पाणी ओलांडून आला होता, गवताच्या गाद्यांत गुंडाळलेला असेल कदाचित, हेलकावत, पेटाऱ्यांच्या अंधारात.

आणि मग जो आलाच नाही तो आठवला. चौदाव्या शतकात बहमनींची राजधानी कलबुर्गीला होती तेव्हा सुलतानानं शिराजच्या हाफिजला बोलावणं धाडलं. फरिश्त्याच्या इतिहासात ही गोष्ट आहे. हाफिज होर्मुझपर्यंत आला, जहाजात पाऊल ठेवलं, आणि वादळ उठलं. तो उतरला. एक गझल लिहून दख्खनला जाणाऱ्या माणसांच्या हाती दिली आणि शिराजला परतला. त्या अवघडल्या रात्रीपर्यंत मी ही गोष्ट दंतकथेसारखी ऐकत आले होते. त्या रात्री मला त्याचा गारठलेला तळहात कळला. कलबुर्गीच्या किल्ल्यात १३६७ची मशीद आहे, अंगण नसलेली, सगळीच्या सगळी घुमटांखाली झाकलेली. वर बघितलं की एकामागून एक घुमट उचलत जातात, खाली येतात, पुन्हा उचलतात. त्या थिजलेल्या लाटांखाली उभं राहून वाचलेली हाफिजची एक ओळ आमच्या हवेत असायची होती. एका माणसाचं पोट ढवळलं आणि ती राहून गेली.

पण डोळा एक सांगतो आणि कान दुसरं, ही गोष्ट खरं तर आम्हाला नवी कुठं आहे? भालकीच्या बाजारात दुकानावरची पाटी कन्नड, तिच्याखाली चाललेली घासाघीस मराठी, पलीकडे कुणी दखनीत हसतं. कागद एका भाषेत, काळीज दुसरीत. माय उदगीरला जन्मली तेव्हा उदगीर बिदर जिल्ह्यातच होतं, हैदराबाद राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ला जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर मुंबई राज्यात गेलं, भालकी म्हैसूरकडे. माय तेव्हा नऊ वर्षांची. पुढं लग्न होऊन ती भालकीला आली ती सीमा ओलांडून. जमीन तसूभर हलली नव्हती, विहिरी जागच्या जागी होत्या, नाती तीच. तरी पायाखालून काहीतरी सरकलं होतं. तिला सुरुवातीला दुकानाची पाटी वाचता यायची नाही. विचारलं की म्हणायची, "घुमल्यासारखं व्हायचं बाई. मग झाली सवय." समुद्रावरही शरीराला दोन-तीन दिवस लागतात म्हणे. मग दोन्ही साक्षीदारांचं म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं, हे ते मान्य करतं. आमच्याकडे त्याला दोन पिढ्या लागल्या, आणि अजूनही एखाद्या सकाळी कचेरीतल्या खिडकीशी उभं असताना पोटात काहीतरी हलतं.

पहाटे कपाळावर हात आला. खरबरीत, अद्रकाच्या वासाचा.

"उठ. वर चल."

मी नको म्हणाले. तिनं ऐकलं नाही. एक चकती माझ्या दाढेखाली ठेवली, माझं मनगट धरलं आणि भिंतीच्या कठड्याला धरत, पायऱ्यांवर थांबत, तीच मला वर घेऊन गेली. मोकळा वारा अंगावर आला तसं अर्धं दुखणं तिथंच गळून पडलं. अजून झुंजुमुंजू होतं. पूर्वेला सह्याद्रीची काळी किनार आणि तिच्याही पलीकडे, दिसत नव्हतं तरी मला ठाऊक होतं, आमचं रान, दवात भिजलेलं. पश्चिमेला आधी काहीच नव्हतं, नुसता राखी ओलेपणा. मग त्या राखेत कुणी बोटानं ओढावी तशी एक रेघ उमटली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठं डोंगर नाही, झाड नाही, घर नाही. जहाज उचललं जात होतं, खाली जात होतं, कठडा त्या रेघेच्या वर यायचा, खाली बुडायचा, आणि ती मात्र जागची हलत नव्हती. आता डोळ्यांनाही दिसत होतं की आपण हलतो आहोत. कानातल्या पाण्याचं म्हणणं त्यांनी मान्य केलं. सुरवंट थांबला, उतरू लागला.

ती रेघ मी ओळखत होते.

अख्खं बालपण ती आमच्या चारी बाजूंना होती. ज्वारीवरून पाहिलेली, मोटारीच्या खिडकीतून पाहिलेली, उन्हाळ्यात मृगजळानं थरथरणारी. इथं काळ्या रानाच्या जागी पाणी होतं एवढंच. आम्हाला समुद्र नाही, असं मी उगाच म्हणत आले. त्याची कड आमच्याकडे होती.

"आपल्या रानासारखंच हाय की," माय म्हणाली. तिच्या डोळ्यांना कडेचं फारसं दिसत नाही आता, समोरचं दिसतं. समोर तेवढंच होतं.

गोवा उन्हाचं आणि गर्दीचं होतं. त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्यापाशी फार नाही.

परतलो तेव्हा येळवस आली होती. अमावस्येला सारं गाव शेतात, कडब्याच्या कोपीत पांडव मांडलेले, भज्जीचा, तिळाच्या पोळीचा वास, डेऱ्यात गार आंबील. घरी येऊन दोन दिवस झाले होते तरी मी बसले की भुई अजून हलत होती, हळूच उचलायची, थांबायची, खाली न्यायची. कोपीच्या तोंडाशी बसून मी बांधाचा धोंडा धरून ठेवला होता. ज्वारी कंबरेच्या वर आलेली, वाऱ्यासरशी एका अंगाला झुकायची आणि सावकाश सरळ व्हायची, रानच्या रान. मायनं आंबिलीचा लोटा माझ्यासमोर भुईवर ठेवला. आतलं पांढरं डचमळलं, काठाला लागलं, पुन्हा मध्ये आलं, आणि स्वस्थ झालं.

"लागली का बोट?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले.