आर्ब : गोझो बेटावरचे नवसाचे गाव

भूमध्य समुद्रात, सिसिलीच्या दक्षिणेला माल्टा हा चिमुकला देश आहे. त्याच्या वायव्येला गोझो हे त्याचेच दुसरे बेट. क्षेत्रफळ जेमतेम ६७ चौरस किलोमीटर. या बेटाच्या पश्चिम टोकाला आर्ब नावाचे खेडे आहे. वस्ती दीड हजारांच्या आसपास. माझी भाची माल्टात परिचारिका आहे. तिच्याकडे गेले असता सुट्टीच्या दिवशी ती मला मुद्दाम या गावी घेऊन गेली. "मावशी, तू देवळंरावळं बघणारी. तुला हे गाव आवडेल," असे ती म्हणाली आणि ते खरे ठरले.

माल्टाच्या उत्तर टोकाला असलेल्या चिर्केवा धक्क्यावरून मोटारगाड्यांसकट माणसे नेणारी बोट सुटते. पंचवीसेक मिनिटांत गोझोचे इम्जार बंदर येते. तिथून बसने व्हिक्टोरिया आणि पुढे दुसरी बस धरून आर्ब. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दगडी गडगे, त्यांवर फोफावलेले फड्या निवडुंग आणि मधाच्या रंगाच्या चुनखडीची घरे. आपल्याकडच्या एखाद्या माळरानातून चालल्यासारखे वाटते.

आपल्यासारख्या दोन भाषांत वाढणाऱ्या घरांना इथली भाषा ऐकून गंमत वाटेल. माल्टी भाषा मूळची अरबी कुळातली, पण लिहितात रोमन लिपीत आणि तिच्यात इटालियन शब्दांचा भरणा मोठा. १९३४ मध्ये तिला इंग्रजीच्या बरोबरीने अधिकृत दर्जा मिळाला. आज लहान मुलेसुद्धा दोन्ही भाषा सहज बोलतात. जगाला 'दिन्या' आणि पुस्तकाला 'क्तीब' म्हणतात, तेव्हा आपले दुनिया आणि किताब आठवतातच. गावाच्या 'आर्ब' या नावाचा अर्थही 'पश्चिम'. त्याहून नवल म्हणजे हे कट्टर कॅथलिक लोक देवाला 'अल्ला' म्हणतात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळाला 'रन्दान'. शब्द एका धर्माचा आणि दुसरा दुसऱ्याचा, असे इथे कुणाला वाटत नाही.

गावच्या चौकात मुख्य चर्च आहे. मेरी आपल्या नात्यातल्या एलिझाबेथला भेटायला गेली, त्या भेटीच्या नावाने ते ओळखले जाते. दोन घंटाघरे आणि मध्ये घुमट अशी त्याची डौलदार बांधणी. अशा लहान गावात एवढे मोठे चर्च कसे, हा प्रश्न पडतो. त्यामागे इतिहास आहे. १५५१ मध्ये तुर्की आरमाराने गोझोवर हल्ला केला आणि बेटावरची पाच-सहा हजार माणसे, म्हणजे जवळजवळ सारी वस्ती, गुलाम म्हणून पकडून नेली. त्यानंतर १६३७ पर्यंत बेटावरच्या लोकांनी रात्री किल्ल्यातच मुक्काम करावा, असा नियम होता. तो उठल्यावर खेडी हळूहळू नांदू लागली. १६७९ मध्ये आर्बला स्वतःची धर्मपेठ मिळाली आणि १६९९ मध्ये या चर्चच्या बांधकामास सुरुवात झाली. आपल्याच घरात निर्धास्त झोपायला मिळालेल्या लोकांनी ते बांधले, हे कळल्यावर त्याची भव्यता पटते.

गावापासून थोड्या अंतरावर, शेतांच्या मधोमध ता पिनू हे तीर्थस्थान आहे. सोळाव्या शतकात इथे एक पडके देऊळवजा चॅपेल होते. १५७५ मध्ये रोमहून आलेल्या प्रतिनिधीने ते पाडायचा हुकूम दिला. पहिला घाव घालताच मजुराचा हात मोडला, म्हणून ते पाडायचे राहिले, अशी कथा आहे. पुढे पिनू गाऊची या गृहस्थाने ते सांभाळले, त्याचेच नाव जागेला पडले. मग २२ जून १८८३ रोजी कार्मनी ग्रिमा ही पंचेचाळीस वर्षांची शेतकरी बाई शेतातून परतताना तिथून जात होती. आतून एक स्त्रीस्वर आला आणि तिला प्रार्थना करायला सांगितले. ही वार्ता पसरली, लोकांची रीघ लागली. १९२० मध्ये मोठ्या चर्चचे काम सुरू झाले. जुने चॅपेल मात्र पाडले नाही, नव्या वास्तूच्या पोटात, वेदीच्या मागे ते जसेच्या तसे आहे. १९९० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आणि २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस इथे येऊन गेले.

मला सर्वांत भिडल्या त्या बाजूच्या खोल्या. भिंतीभर तान्ह्या बाळांची झबली, कुबड्या, हातापायांवरची प्लास्टरे, छायाचित्रे आणि हाताने लिहिलेली पत्रे. आपण ज्याला नवस म्हणतो आणि शेजारी हरके म्हणतात, तेच हे. देवळात नवसाचे लाकडी पाळणे बांधणाऱ्या आपल्या बायकांना इथे दुभाष्या लागणार नाही.

तिथून निघून आम्ही गावाबाहेर समुद्राच्या दिशेने पायवाटेने गेलो. शेतांत एकटेच उभे असलेले सान दिमित्रीचे छोटे चॅपेल लागले. आजची वास्तू १७३६ ची. झगुजिना नावाच्या म्हातारीचा एकुलता मुलगा चाच्यांनी पळवला. तिने संताला साकडे घातले, 'माझा मुलगा आणलास तर तुझ्यापुढे तेलाचा दिवा लावीन.' संत चित्रातून घोड्यासह बाहेर पडला आणि मुलाला परत घेऊन आला, अशी दंतकथा आहे. मूळ चॅपेल पुढे समुद्रात गेले, पण तो दिवा पाण्याखाली अजून तेवतो, असे कोळी सांगत. १५५१ ची आठवण ज्या बेटावर होती, तिथे ही नुसती गोष्ट नव्हती. किती आयांची मुले परत आलीच नाहीत, त्यांच्यासाठी ही एक आलेली.

भाचीने मोबाईलवर चॅपेलचा फोटो काढला आणि बेळगावात आपल्या आईला पाठवला. तीन वर्षे ती घरी गेलेली नाही. थोड्याच वेळात उत्तर आले, 'तिथे माझ्यातर्फेही एक दिवा लाव.' दिवा लावायची सोय तिथे नव्हती. आम्ही दोघी दारापुढे हात जोडून उभ्या राहिलो आणि मग उन्हात गावाकडची वाट धरली.

जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, ता पिनूत खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. भर दुपारी अनेक चर्चे बंद असतात, म्हणून सकाळी लवकर निघावे. आणि चॅपेलच्या वाटेवर सावली नाही, पाण्याची बाटली जवळ ठेवावी.