बिनरागाची

बनारसची शिवी अस्सीवर राहते. पप्पूच्या चहाच्या दुकानात तिची रोजची बैठक. तोंडात पान धरलेले प्राध्यापक, वकील, पुढारी, पंडे जमले, मंडल की मंदिर असा वाद पेटला, की ती आलीच. 'हर हर महादेव'च्या गजराला शेपटीसारखी ती चिकटते आणि कुणी दचकत नाही. नावाडी असो की पंतप्रधान, हाक सगळ्यांना तीच. तिचं नाव मी इथे छापत नाही. काशीला जाऊन आलेल्यांना ते ठाऊक आहे आणि बाकीच्यांच्या कानांना मी का शिकवू?

कोकणातली तिची चुलतबहीण शिमग्यापुरती बाहेर पडते, बोंबा ठोकते आणि परत घरात जाते. ही मात्र बारा महिने घाटावर. पूर्वी होळीला अस्सीवर कविसंमेलन भरायचं, तेव्हा तर उत्सवमूर्ती हीच असायची. आणि तरीही तिला राग येत नाही. तिचा खरा गुण हाच: वजन नाही. माणसं तिला बोलता बोलता उडवतात आणि विसरून जातात.

तिथून तिला उचललं काशीनाथ सिंह यांनी. काशी हिंदू विद्यापीठात हिंदी शिकवणाऱ्या या लेखकानं 'काशी का अस्सी'मध्ये तिला खऱ्या माणसांसकट बसवलं. उषा गांगुलींच्या 'काशीनामा'तून ती रंगमंचावर गेली. मग सिनेमानं बोलावलं, आणि तेही कुणी? ज्यांच्या 'चाणक्य' मालिकेत साधा सैनिकही संस्कृतप्रचुर हिंदी बोलायचा, त्या चंद्रप्रकाश द्विवेदींनी. 'मोहल्ला अस्सी'मध्ये त्यांनी ती सनी देओलच्या तोंडी दिली.

२०१५ मध्ये ट्रेलर फुटला. शंकराचं सोंग घेतलेल्या बहुरूप्याच्या तोंडी ती ऐकून लोक खवळले, दिल्लीच्या न्यायालयानं प्रदर्शन थांबवलं. पुढे सेन्सॉर मंडळानं प्रमाणपत्र नाकारलं. त्याच २०१५ च्या जानेवारीत द्विवेदी स्वतः त्या मंडळाचे सदस्य झाले होते, ही गंमत अस्सीवाल्यांना नक्की आवडली असणार. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका कटासह 'ए' प्रमाणपत्र द्यायला सांगितलं. १६ नोव्हेंबर २०१८ ला ती अखेर पडद्यावर आली.

कोर्टाची पायरी तिच्या कुळाला नवी नाही. 'सखाराम बाइंडर' या नाटकासाठी त्याचे दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात झगडले आणि जिंकले. 'बँडिट क्वीन'च्या खटल्यात तर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं, की गल्लीबोळात रोज कानांवर पडणाऱ्या चार शिव्यांचा एवढा बाऊ नको. त्या सिनेमात ऐकून कुणी जाणता माणूस शिव्या द्यायला लागत नाही.

मला हे पटतं. सखारामच्या तोंडची शिवी काढली तर सखाराम उरत नाही. अस्सीवरच्या चहावाल्या टोळीचंही तसंच. पण न्यायालयानं सोडलेली शिवी पडद्यावर शोभतेच असं नाही. सनी देओलचं उच्चारणं मला बोचतं ते सभ्यतेसाठी नव्हे. तो तिला जोर लावून, ठोसा मारल्यासारखं उच्चारतो. अस्सीवरची ती वाक्यात पाणी वाहावं तशी येते. पडद्यावर ती आली की वाक्य थांबतं, जणू टाळी हवी. पुष्कळ सिनेमांत आणि आता वेबमालिकांत हेच होतं: पात्र बोलत नाही, लेखक आपलं धाडस मोजत असतो. असल्या शिव्यांवर कात्री चालवायचं काम सेन्सॉरनं नव्हे, संकलकानंच करावं.

आणखी एक गोष्ट तिच्या भाबड्या मायेविषयी. ही मोकळीढाकळी बाई सदा पुरुषांतच वावरते. तिच्या पोटात उल्लेख असतो कुणाच्या तरी आईचा, बहिणीचा, आणि आई-बहीण मात्र त्या बाकड्यावर चहाला कधी बसत नाहीत. 'सगळ्यांना सारखी' हे तिचं ब्रीद तेवढ्यापुरतं खोटं. त्या फुटलेल्या ट्रेलरमध्ये ती सनी देओलनं साकारलेल्या पांडेजींच्या बायकोच्या, साक्षी तन्वरच्या, तोंडीही आली. तेव्हा 'बायकांच्या तोंडी हे?' अशी कुरकुर झाली. घरात पैसा नाही, शेजारी परदेशी भाडेकरू ठेवून सावरताहेत आणि नवरा धर्म सांगत बसलाय. अख्ख्या मोहल्ल्यात शिवी द्यायला खरं कारण असलं, तर ते त्या बाईकडे आहे.