पुन्हा टोचून घेण्याचा प्रश्न

बेळगावातील टिळकवाडीचे ‘व्हॅक्सिन डेपो’ हे नाव आज मैदानापुरते उरले असले, तरी ज्या लस संस्थेमुळे ते पडले ती देवीची लस बनवणाऱ्या देशातील मोजक्या केंद्रांपैकी होती. स्वातंत्र्योत्तर निर्मूलन मोहिमेत गिंडी, हैदराबाद आणि पटवाडांगर यांच्या जोडीने बेळगावनेही गोठवून सुकवलेली, म्हणजे उन्हाळ्यातही लवकर निकामी न होणारी लस पुरवली. एकदा टोचले की जन्माची काळजी मिटली, ही देवीची लस शोधणाऱ्या जेन्नरची समजूत एकोणिसाव्या शतकातच चुकीची ठरली होती आणि काही वर्षांनी पुन्हा टोचण्याची, म्हणजेच पुनर्लसीकरणाची गरज सिद्ध झाली होती. तरी मुंबई शहरात 1877च्या कायद्याने सक्ती आली ती मुलांच्या पहिल्या टोचणीची, आणि मोठ्यांचे दंड बहुधा तसेच राहिले.

कोविडच्या वेळी याचीच पुनरावृत्ती झाली. ‘दक्षता मात्रा’ या नावाने बूस्टर 10 जानेवारी 2022 रोजी आरोग्य कर्मचारी आणि साठीपुढील व्याधिग्रस्तांसाठी सुरू झाला, एप्रिलपासून इतर प्रौढांना तो खासगी रुग्णालयात विकत मिळू लागला आणि 15 जुलैपासून 75 दिवस सरकारने तो सर्व प्रौढांना मोफत दिला. तरी देशात दुसरी मात्रा सुमारे 95 कोटी लोकांनी घेतली असताना तिसरी घेणारे 22 कोटींच्या आसपासच थांबले. अडसर केवळ पैशांचा नव्हता. लोखंडी पत्रा लागला की माणूस आपण होऊन धनुर्वाताचे इंजेक्शन मागतो, कारण जखम डोळ्यांसमोर असते. ओसरणारी प्रतिकारशक्ती मात्र कुणाला दिसत नाही.

फ्लूची अडचण याहून वेगळी आहे. त्याचा विषाणू आपली बाह्य प्रथिने थोडीथोडी बदलत राहतो, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीच्या आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरच्या सुमारास लसीतील वाणांची शिफारस करते. पश्चिम भारतात फ्लू मुख्यतः पावसाळ्यात बळावत असल्याने, आणि टोचल्यावर संरक्षण यायला सुमारे दोन आठवडे लागत असल्याने, येथे लस घेण्याचा योग्य काळ हिवाळ्याचे तोंड नसून एप्रिल-मे हा आहे. युरोपच्या वेळापत्रकावर बेतलेले प्रचारसाहित्य इकडे निरुपयोगी ठरते. शिवाय ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. महाराष्ट्राने 2009च्या स्वाइन फ्लूच्या अनुभवानंतर, पुढे गर्भवती, मधुमेही आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ती मोफत देण्यास सुरुवात केली.

बेळगावच्या खासबाग, शहापूर, वडगाव या विणकरांच्या वस्त्यांत, किंवा निपाणीच्या विडी कामगार बायांत, मजुरी कामाच्या नगावर मिळते. टोचल्यानंतर दंड दुखणे, अंग कसकसणे आणि एखाददुसरा दिवस ताप येणे हे वैद्यकाच्या लेखी किरकोळ असले, तरी त्या दिवशी माग बंद राहतो, आणि हा तोटा कोणत्याही पत्रकात मांडलेला नसतो. म्हणून सरकारी दवाखान्याच्या सकाळच्या वेळेत येण्याचा उपदेश करण्यापेक्षा संध्याकाळचे किंवा खासबागच्या रविवारच्या बाजाराजवळचे शिबिर अधिक माणसे आणील. तेथील फलक कानडीबरोबर मराठीतही असावा, ही मागणी महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाशी जोडण्याचे कारण नाही. सूचना वाचणाऱ्याला कळावी, एवढाच तिचा अर्थ आहे.

सांगायचे ते खरेच सांगावे लागते. फ्लूची लस दर सर्दी-पडसे रोखत नाही, काही वर्षी ती कमी लागू पडते, आणि तिचा मुख्य लाभ वृद्ध, गर्भवती, दमेकरी व हृदयरोगी यांचा आजार विकोपाला जाण्याची शक्यता कमी करण्यात आहे. इंजेक्शनातील लसीत जिवंत विषाणू नसल्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही, हेही टोचण्यापूर्वीच सांगायला हवे, नाहीतर पुढच्या आठवड्यात शिंकणारा एक माणूस सगळ्या गल्लीला दुसरेच कारण पटवून देतो. ज्यांना दर महिन्याला मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दवाखान्यात यावेच लागते, त्यांच्या कार्डावर एप्रिलमधील टोचणीची तारीख गोळ्यांच्या शेजारीच लिहिली, तर त्यांच्यासाठी वेगळ्या मोहिमेची फारशी गरजही पडणार नाही.